‘अवे’ म्हणजे नेमके कुठे?

आज इंग्रजीतल्या एका अगदी घरगुती क्रियापदाची गोष्ट. ‘थ्रो अवे’. अर्थ कुणीही सांगेल : फेकून देणे. पण या दोन शब्दांच्या पोटात एक मोठे सामाजिक स्थित्यंतर दडले आहे, आणि त्याचा माग काढता काढता आपण एका अशा ठिकाणी पोहोचतो, जिथे फेकली जाणारी वस्तू वस्तू राहत नाही. धागा लांब आहे. सवडीने वाचा.

सुरुवात एका घोड्यापासून करू.

१६ जून १९०४. इंग्लंडमधील ॲस्कॉट येथे गोल्ड कपची शर्यत. झिनफँडेल आणि सेप्टर या दोन मातब्बर जनावरांवर बहुतेकांचा पैसा. जिंकला मात्र एकास वीस असा भाव असलेला, कुणाच्या खिजगणतीतही नसलेला घोडा. त्याचे नाव ‘थ्रोअवे’.

ही शर्यत खरोखर झाली. जेम्स जॉइसने ‘युलिसिस’ (१९२२) ही आपली कादंबरी याच एका दिवसावर रचली आणि या घोड्याच्या नावाचा त्याने फार खट्याळ उपयोग करून घेतला. कादंबरीचा नायक लिओपोल्ड ब्लूम सकाळी डब्लिनच्या रस्त्यात एका ओळखीच्या माणसाला आपले वर्तमानपत्र देऊ करतो. मी ते नाहीतरी फेकूनच देणार होतो, असे सहज म्हणतो. समोरचा माणूस शर्यतींचा नादी. ‘थ्रो अवे’ हे शब्द कानी पडताच त्याला वाटते, हा आपल्याला आतली बातमी देतो आहे. थोड्या वेळाने रस्त्यावरचा एक धर्मप्रचारक ब्लूमच्या हातात एक छापील चिठोरे कोंबतो. अशा फुकट वाटल्या जाणाऱ्या पत्रकालाही इंग्रजीत ‘थ्रोअवे’च म्हणतात. ब्लूम ते चुरगाळून लिफी नदीत टाकतो. म्हणजे एवढ्यातच क्रियापद, घोडा आणि कागद असे तीन ‘थ्रोअवे’ झाले.

पुढे गंमत संपते. संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात आवई उठते की ब्लूमने त्या घोड्यावर पैसे लावून घबाड मिळवले आणि तरीही तो कुणाला एक पेला पाजत नाही. ब्लूमने दमडीही लावलेली नसते. पण तो ज्यू वंशाचा. त्यामुळे अफवेला जुन्या द्वेषाची फोडणी मिळते आणि प्रकरण त्याच्या मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा भिरकावण्यापर्यंत जाते. बोलणाऱ्याने एका अर्थाने शब्द वापरला, ऐकणाऱ्याने दुसऱ्या अर्थाने घेतला, आणि ठपका बोलणाऱ्यावर आला. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागेल.

(हा प्रसंग महाराष्ट्रात घडला असता तर ब्लूमने वर्तमानपत्र रद्दीत घातले असते आणि कादंबरीचा सारा डाव तिथेच फसला असता.)

आता थोडी व्युत्पत्ती. ‘थ्रो’चा मूळ अर्थ फेकणे असा नव्हताच. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता पिळणे, वळवणे, फिरवणे. इंग्रज कुंभार आजही चाकावर भांडे ‘थ्रो’ करतो, तो या जुन्या अर्थाने. म्हणजे जो शब्द आज नष्ट करण्यासाठी वापरला जातो, तोच कुंभाराच्या चाकाशी अजून घडवण्यासाठी वापरला जातो. आपल्याला याचे फार आश्चर्य वाटायला नको, कारण आपले ‘टाकणे’ तरी कुठे सरळ आहे? आपण चहात साखर टाकतो, पाऊल टाकतो, उसासा टाकतो, कुणासाठी तरी शब्द टाकतो. ‘त्याने दुकान टाकले’ म्हणजे त्याने ते सुरू केले. ‘त्याने गाव टाकले’ म्हणजे त्याने ते सोडले. मराठी शिकू पाहणाऱ्या परकीयाने यावर काय करावे?

पण ‘थ्रो अवे’चा जो अर्थ मराठीत आणताना मी खरोखर अडखळलो, तो वेगळाच. जुन्या इंग्रजी लिखाणात हे क्रियापद केरकचऱ्यापेक्षा मोलाच्या गोष्टींच्या संदर्भात अधिक उठून दिसते : आयुष्य, संधी, पैसा, अब्रू. तिथे त्याचा अर्थ नुसता फेकणे असा होत नाही. संधी दवडणे, पैसा उधळणे, जन्म वाया घालवणे असा होतो. आपण या प्रत्येकासाठी वेगळे क्रियापद ठेवले. इंग्रजीने एकाच पोत्यात सगळे भरले. या सर्व वापरांत एक समान धागा आहे, तो म्हणजे दोषारोप. एखाद्याने काही ‘थ्रो अवे’ केले असे म्हणणे म्हणजे त्याने ते करायला नको होते असे म्हणणे. जे फेकले ते मोलाचे होते आणि फेकणारा करंटा होता, हे त्या क्रियापदातच अध्याहृत.

माझे म्हणणे असे की विसाव्या शतकात या शब्दातला हा दोष पद्धतशीरपणे काढून घेण्यात आला. तो आपोआप गळला नाही. त्यासाठी माणसे राबली, पैसा ओतला गेला.

योगायोग पाहा. घोडा जिंकला त्याच १९०४ सालच्या नोव्हेंबरात किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याला दाढीच्या एका नव्या यंत्राचे पेटंट मिळाले. तोवर वस्तरा ही जन्मभराची वस्तू होती. त्याला धार लावायची, चामड्याच्या पट्ट्यावर घासायचा, जपून ठेवायचा, मुलाला द्यायचा. जिलेटच्या यंत्रातले पाते इतके पातळ आणि स्वस्त की बोथट झाले की टाकून द्यायचे. ही कल्पना त्याच्या डोक्यात पेरली ती विल्यम पेंटरने. सोड्याच्या बाटलीवर दातेरी कडेचे पत्र्याचे झाकण असते ना, ते पेंटरचे. त्याचे पेटंट १८९२ चे. पेंटरचा सल्ला असा की एकदा वापरून फेकावी लागेल अशी वस्तू शोध, गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा परत येईल. १९०३ मध्ये जिलेटची ५१ यंत्रे आणि १६८ पाती विकली गेली. पहिल्या महायुद्धात मात्र अमेरिकन सरकारनेच ती सैनिकांना लाखोंनी दिली आणि रोज पाते वापरण्याची सवय सैनिकांबरोबर घरी परतली.

या माणसाविषयी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १८९४ मध्ये त्याने ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ नावाचे पुस्तक लिहिले होते. त्यात स्पर्धेवर चालणारी अर्थव्यवस्था म्हणजे श्रमाची आणि साधनांची प्रचंड नासाडी आहे असे सांगून, नायगारा धबधब्याच्या शक्तीवर चालणाऱ्या एकाच महानगरात सर्वांनी समाईक मालकीने राहावे असा आराखडा त्याने मांडला होता. नासाडीचा हा कट्टर शत्रू पुढे फेकण्याजोग्या पात्यांवर कोट्यधीश झाला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा विसंगतींना ढोंग म्हणण्याची घाई करू नये, असे मला वाटते. दोन्ही बाबतींत तो बहुधा मनापासून बोलत होता.

आता एक साधा प्रश्न. ही पाती गेली कुठे?

विसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेल्या कित्येक अमेरिकन घरांत न्हाणीघरातल्या औषधांच्या कपाटाला मागच्या बाजूस एक बारीक फट असे. वापरलेले पाते त्या फटीतून सरकवायचे. पलीकडे डबा नाही, पिशवी नाही. भिंतीच्या आतली पोकळी. पाते भिंतीत पडायचे आणि तिथेच राहायचे. घरे जुनी झाली, मालक बदलले, आणि आज कुणी दुरुस्तीसाठी अशी भिंत फोडली की गंजलेल्या पात्यांचा ढीग खाली ओघळतो. ‘थ्रो अवे’मधल्या ‘अवे’चा अर्थ मला या भिंतीइतका स्पष्ट कुठल्याच कोशात सापडला नाही. ‘अवे’ म्हणजे दूर. प्रत्यक्षात मात्र ते होते दात घासणाऱ्या माणसाच्या नाकासमोर, हातभर अंतरावर. फक्त दिसत नव्हते.

मराठीत या ‘अवे’ला प्रतिशब्दच नाही. आपण म्हणतो ‘फेकून दे’, ‘टाकून दे’. तिथे दिशा सांगणारा शब्द नसून ‘देणे’ आहे. हे ‘देणे’ केवळ सहायक क्रियापद, त्यात दानाचा अर्थ शोधू नये, असे व्याकरण सांगेल. तरीही जुन्या घरातली टाकलेली वस्तू खरोखरच कुणाला तरी मिळत असे. शिळे अन्न गुरांना, फाटके लुगडे गोधडीला, राख भांड्यांना, शेण-पालापाचोळा उकिरड्याला आणि तिथून शेताला. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, ते खताच्या जोरावरच. याचा अर्थ आपले पूर्वज पर्यावरणवादी होते असा कृपया काढू नका. ते गरीब होते, आणि पितळ व काच महाग होती.

शिवाय एकदाच वापरून टाकण्याची वस्तू आपल्यालाही नवी नाही. पत्रावळ आणि द्रोण काय आहेत? त्यांच्यामागे मात्र स्वस्ताईबरोबर उष्ट्याखरकट्याचा विचार होता, आणि उष्ट्याच्या विचारापासून सोवळ्याओवळ्याचा व जातीचा विचार फार दूर नसतो. गंमत म्हणजे अमेरिकेतही कागदी पेला लोकप्रिय झाला तो उष्ट्याच्याच भीतीने, फक्त तिचे नाव जंतू होते. आगगाड्यांत आणि शाळांत पाण्याच्या टाकीजवळ साखळीने बांधलेला एकच पत्र्याचा पेला असे आणि सारे त्यातूनच पीत. क्षयाचा धाक होता. १९०९ मध्ये कॅन्सस राज्याने हा सामाईक पेला बंद केला. पुढे ‘हेल्थ कप’ अशा नावाने विकला गेलेला कागदी पेला १९१९ पासून ‘डिक्सी कप’ झाला. फेकणे आता आरोग्यदायी ठरले. आणि ते खोटे नव्हते, हे नोंदवले पाहिजे.

या साऱ्याचा कळस म्हणजे १ ऑगस्ट १९५५ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकातले एक छायाचित्र. पीटर स्टॅकपोलने टिपलेले. आई, बाप आणि लहान मुलगी हात वर करून हसत उभी. त्यांच्या डोक्यावर हवेत उडणाऱ्या कागदी ताटल्या, पेले, रुमाल, लंगोट, ॲल्युमिनियमची भांडी. मथळा होता ‘थ्रोअवे लिव्हिंग’. या सगळ्या वस्तू धुवायच्या झाल्या तर ४० तास लागतील, पण आता कोणत्याही गृहिणीला ती तसदी नको, असा मजकूर. जो शब्द शतकानुशतके आरोप होता, तो इथे जीवनशैलीचे नाव झाला.

हे चित्र आज समाजमाध्यमांवर वरचेवर फिरते आणि लोक त्याला हसतात. मलाही पहिल्यांदा हसू आले. मग ते ४० तास आठवले. ते कुणाचे तास होते? फोटोतल्या बापाचे नक्कीच नव्हते. माझ्या आजीने लंगोट धुण्यात आणि राखेने भांडी घासण्यात किती वर्षे घालवली याचा हिशेब मी कधी केलेला नाही. टाकाऊ वस्तूंच्या संस्कृतीवर तोंडसुख घेताना, जुन्या टिकाऊपणाची किंमत कुणाच्या हातांनी मोजली हे विसरता येत नाही.

पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, लॉइड स्टाउफर नावाच्या संपादकाने न्यूयॉर्कमध्ये प्लास्टिक उद्योजकांना सांगितले की प्लास्टिकचे भवितव्य कचऱ्याच्या डब्यात आहे. टिकाऊ वस्तू एकदाच विकता येते. डब्यात जाणारी रोज. सात वर्षांनी शिकागोत त्याच मंडळींपुढे त्याने याच डब्यांबद्दल समाधान व्यक्त केले : ते आता भरू लागले होते.

नाटकवाल्यांचाही एक अर्थ आहे, तो ओघात सांगून टाकतो. रंगभूमीवर एखादे महत्त्वाचे वाक्य मुद्दाम जोर न देता, जणू सहज निसटल्यासारखे म्हणणे यालाही ‘थ्रो अवे’ करणे म्हणतात. इथे फेकणे हे कौशल्य आहे. राजकारणी लोकही असे करतात, पण त्यांच्यावर वेगळा धागा लागेल.

आता दोषाकडे परत येऊ. तो शब्दातून काढला तर गेला, पण नाहीसा झाला नाही. तो कुठे ठेवला गेला हे पाहण्यासाठी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जावे लागते. ते गाईगुरांचे राज्य. लोक मोटारीतून बिअरच्या रिकाम्या बाटल्या कुरणांत भिरकावत. काचा गवतातून गाईंच्या पोटात जात. शेतकऱ्यांनी ओरड केली आणि १९५३ मध्ये राज्याने परत न घेतल्या जाणाऱ्या बाटल्यांतून बिअर विकण्यावर बंदी घातली. कायद्याचा रोख फेकणाऱ्यावर नव्हता, फेकण्यासाठीच बनवणाऱ्यावर होता. तोवर बाटली ही कंपनीची असे आणि गिऱ्हाईक अनामत भरून ती परत करी. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून यायचे आणि रिकामी बाटली केंद्रावर परत द्यावी लागायची, हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

त्याच १९५३ साली डबे आणि बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने ‘कीप अमेरिका ब्युटिफुल’ ही संस्था उभी राहिली. तिने ‘लिटरबग’, म्हणजे घाण करणारा किडा, हा शब्द घरोघरी पोहोचवला. समस्या बाटली नव्हे, ती रस्त्यात टाकणारा बेशिस्त माणूस आहे, हा तिचा सूर. व्हरमाँटचा कायदा १९५७ मध्ये मुदत संपून विरून गेला. १९७१ च्या वसुंधरा दिनी या संस्थेची एक जाहिरात दूरचित्रवाणीवर आली : मूळनिवासी वेशातला एक माणूस होडीतून येतो, धावत्या मोटारीतून फेकलेली कचऱ्याची पिशवी त्याच्या पायाशी फुटते, आणि त्याच्या डोळ्यातून अश्रू ओघळतो. प्रदूषण माणसे सुरू करतात आणि माणसेच ते थांबवू शकतात, असे घोषवाक्य. माणसे, कारखाने नव्हेत. तो नट, आयर्न आईज कोडी, मूळनिवासी नव्हताच, त्याचे आईबाप इटालियन होते, हे पुढे १९९६ मध्ये जगजाहीर झाले. त्याच १९७१ साली ऑरेगन राज्याने बाटल्यांवर अनामत सक्तीची करणारा कायदा केला. असे कायदे अन्य राज्यांत होऊ लागले तेव्हा या संस्थेने त्यांना विरोध केला.

हात धुऊन दोष दुसऱ्याच्या अंगणात टाकणे, हेही ‘थ्रो अवे’च.

पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची एक संघटना स्थापन झाली. बहुतांश सदस्य दलित स्त्रिया. तिचे नाव आहे ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. हे नाव सावकाश वाचा. त्यात ‘कचरा’ हा शब्दच नाही. आपण डोळ्यांआड केलेल्या ढिगाकडे पाहून या बायकांनी त्यातल्या वस्तूंना त्यांच्या नावांनी हाक मारली. ज्यांच्यासाठी ‘अवे’ हेच रोजचे कामाचे ठिकाण आहे, त्यांच्या भाषेत तो शब्द असण्याचे कारणच नव्हते.

सुरुवातीला मी म्हटले होते की फेकली जाणारी वस्तू शेवटी वस्तू राहत नाही. अमेरिकेच्या न्याय खात्यासाठी १९८८ मध्ये हरवलेल्या मुलांची एक देशव्यापी पाहणी झाली आणि १९९० मध्ये तिचा अहवाल आला. त्याच्या शीर्षकात अपहृत आणि ‘रनअवे’ म्हणजे पळून गेलेल्या मुलांच्या शेजारी आणखी एक वर्ग होता : ‘थ्रोनअवे’ मुले. घरातून चालते हो असे सांगितलेली. परत आल्यावर दार न उघडलेली. निघून गेली तरी जिचा कुणी शोध घेतला नाही, अशी. सरकारी कागदावर हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ते घोड्याचे नाव, ती पाती, ते हसरे कुटुंब सगळे एकदम आठवले.

पुढच्या पाहणीचा अहवाल २००२ मध्ये आला. त्यात ‘रनअवे’ आणि ‘थ्रोनअवे’ हे दोन वर्ग एकत्र करण्यात आले होते, कारण दोहोंमधली रेघ आखता येत नव्हती. पोरगे पळाले की त्याला घालवून दिले, हे ज्याला विचाराल त्यावर ठरते. बापाला विचारले तर पळाले. मुलाला विचारले तर घालवले.

हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये. आपल्याकडे नवऱ्याने सोडलेल्या बाईला ‘टाकलेली’ म्हणतात. परित्यक्ता हा शब्द सभा-ठरावांचा, गावात ‘टाकलेली’च. क्रियापद तेच, चहात साखर टाकण्याचे. त्या शब्दातून निदान एवढे तरी कळते की टाकणारा कुणीतरी आहे. पण पारावर नवऱ्याला विचारून पाहा. तो ‘मी तिला टाकली’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘ती नांदत नाही.’